फॉक्सप्रोच्या फंक्शनांचं टिपण करायला बसण्याआधी

आंब्याचा हंगाम आटोपला की आगोटीआधी थोडी उसंत मिळते. आपल्या पेढीच्या फॉक्सप्रो (नोंदी साठवायची डेटाबेस भाषा) प्रोग्रामातल्या बिल्ट-इन, म्हणजे भाषेतच तयार मिळणाऱ्या फंक्शनांचं टिपण याच दिवसांत उरका. पाऊस लागला की विजेचा भरवसा नसतो. बॅकअप घ्या; त्यावर जास्त सांगत नाही.

आधी आवृत्ती ठरवा. डॉसवरचं 2.6 आणि 2004 चं व्हिज्युअल फॉक्सप्रो 9 यांची खिचडी नको. नल ('किंमतच माहीत नाही' अशी खूण) ही भानगडच 1995 च्या व्हिज्युअल फॉक्सप्रो 3 पासून आली, त्यामुळे नल तपासणारं इझनल आणि नलच्या जागी दुसरी किंमत देणारं एनव्हीएल जुन्याला लागू नाहीत. मग सोर्समधून (प्रोग्रामच्या मूळ कोडातून) फंक्शनांची नावं गोळा करा. नावाची पहिली चार अक्षरं लिहिली तरी फॉक्सप्रोला चालतं. जुन्या कोडात सबस्ट्र (मजकुराचा तुकडा काढणारं) हे नुसतं 'सबस' असं सापडेल, म्हणून तोकडी रूपंही शोधा.

आता मुख्य काम. प्रत्येक उदाहरणाच्या वर त्या वेळच्या सेट कमांड (फंक्शनांचं वागणं ठरवणाऱ्या) लिहा. एक्झॅक्ट (तंतोतंत जुळणी), डिलीटेड (पुसायची खूण केलेल्या नोंदी लपवणं), नीअर (जवळच्या नोंदीवर थांबणं), डेट (तारखेची पद्धत), सेंच्युरी (वर्षाचे चार अंक): पाचही, ऑन की ऑफ, डेट कुठल्या पद्धतीची. गेल्या वेळच्या टिपणात नेमकी हीच ओळ नव्हती, आणि ते टिपण कोणाच्याच उपयोगी पडलं नाही.

इंडेक्सवरून (नोंदींच्या क्रमवार सूचीवरून) नोंद शोधणारा सीक घ्या. एक्झॅक्ट ऑफ असताना बागायतदाराचा कोड '12' शोधला तर '123' वाल्याच्या नोंदीवरही तो थांबतो आणि 'सापडलं' म्हणतो. पेट्यांची रक्कम भलत्याच्या खात्यावर. साध्या = चंही तेच: डावीकडे देवगड किंवा देवरुख, उजवीकडे नुसतं 'देव', तर दोन्हींना उत्तर खरं येतं. बाजू उलटवल्या की खोटं. उजवीकडे रिकामी स्ट्रिंग असली तर डावीकडचं काहीही जुळतं. == मात्र मागच्या मोकळ्या जागांसकट तंतोतंत जुळणी मागतं. हे सगळं त्या त्या फंक्शनच्या पानावर हवं, मागच्या पानावरच्या एका तळटीपेत नको.

नीअर ऑन असेल तर सीक फसल्यावर ईओएफ (फाइल संपली का) खरं होईलच असं नाही. तो पुढच्या जवळच्या नोंदीवर उभा राहतो. नोंदी मोजणारा रेककाउंट तर डिलीटेड ऑन असलं तरी पुसायची खूण केलेल्या नोंदीही मोजतो, म्हणून तो आकडा पावत्यांची संख्या म्हणून छापू नका. मजकुरातून तारीख करणाऱ्या सीटीओडीला '05/06' ने सुरू होणारी तारीख दिली तर अमेरिकन पद्धतीत 6 मे, ब्रिटिशमध्ये 5 जून: एक ऐन हंगामातली तारीख, दुसरी पावसाच्या तोंडावरची. तारखेचा मजकूर करणारा डीटीओएस या सगळ्याला दाद देत नाही, नेहमी वर्ष-महिना-दिवस असे आठ अंक देतो. इंडेक्सला तोच वापरा आणि तसं लिहा.

'मुख्य प्रोग्रामात सेट केलंय की' हे उत्तर चालणार नाही. फॉर्मला खासगी डेटा सेशन (त्या फॉर्मपुरतं वेगळं वातावरण) दिलं की त्यात हे सेट मूळ पदावर येतात. एक्झॅक्ट आणि डिलीटेड पुन्हा ऑफ. म्हणून प्रत्येक पानावर सेटची ओळ. प्रत्येक पानावर!

त्यानंतर टोकाच्या किमती. 'रिकामं आहे का' ते सांगणारा एम्प्टी शून्याला, मोकळ्या जागांना आणि खोट्यालाही खरं म्हणतो, पण नलला नाही. मजकुरात मजकूर शोधणाऱ्या ॲटला काही सापडलं नाही तर तो शून्य देतो. तारीख महिन्यांनी सरकवणाऱ्या गोमंथला 31 जानेवारी देऊन एक महिना पुढे न्या, फेब्रुवारीचा शेवटचा दिवस येतो. व्याजाच्या हिशोबात हे लागतं.

जुन्या मराठी फॉण्टमध्ये भरलेली नावं असतील तर अपर (रोमन अक्षरं मोठी करणारा) आणि लेन (लांबी मोजणारा) यांच्या पानावर ठळक इशारा द्या. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. तिथलं मराठी अक्षर म्हणजे आतून रोमन चिन्हं, अपर ती बदलतो आणि माणसाचं नाव वाचता येईनासं होतं. लेन बाइट मोजतो, अक्षरं नव्हे.

बाकीचं पटकन. गणिती फंक्शनांना एकेक ओळ पुरे. उदाहरणं टेबलाच्या कॉपीवरच चालवा, मूळ फाइलवर पॅक-झॅप (नोंदी कायमच्या काढणाऱ्या कमांड) अजिबात नाही. अनुक्रमणिका अक्षरवार. छापील प्रत एक.

शेवटी दुसऱ्या मशीनवर फॉक्सप्रो नव्याने उघडून, पानावरच्या सेट कमांड देऊन प्रत्येक उदाहरण चालवा. उत्तर वेगळं आलं तर सेटची ओळ अपुरी आहे. ती पुरी केल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावू नका.