सीबी सेटवरची घरघर कशी काढली

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षमळ्यातून घरी बोलायला आम्ही सीबीचे, म्हणजे सिटिझन्स बँड या सर्वांना खुल्या रेडिओ पट्ट्याचे, वॉकी-टॉकीसारखे हातसेट वापरतो. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा हा पट्टा ५ वॅटपर्यंत, सेटच्याच अँटेनावर, भारतात २००५ पासून विनापरवाना वापरता येतो. शेतकऱ्याला ही फार मोलाची सोय आहे.

यंदा मात्र दिवेलागण झाली की घरातल्या सेटवर घरघर सुरू व्हायची आणि मळ्यातून बोलणाऱ्या भावाचा आवाज त्यात पार बुडायचा. चॅनल बदलला तरी तेच. स्क्वेल्च (कमजोर संकेत आला तर सेट गप्प ठेवणारं बटण) चढवला की घरघरीबरोबर भाऊही गप्प!

शेवटी सेट बॅटरीवर चालू ठेवून मेन स्विच पाडला. क्षणात शांत. म्हणजे चोर घरातच. मग एकेक बटण चालू करत गेलो. पडवीतल्या एलईडी पट्टीचा स्वस्तातला अडॅप्टर लावला आणि घरघर परत आली. असल्या अडॅप्टरमध्ये वीज फार वेगाने चालू-बंद होते, गाळणी नसली की तो गोंगाट वायरीत उतरतो आणि वायरच अँटेना बनते. अडॅप्टरला अगदी लागून फेराइटच्या (असला गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून वायरीचे पाच-सहा वेढे घेतले. बराच फरक पडला. चांगला अडॅप्टर आणल्यावर उरलेलीही गेली.

भर दुपारी परक्या भाषेतली बोलणी ऐकू येतात, त्याला मात्र घरात इलाज नाही. २०२४ च्या सुमारास सूर्याची सक्रियता शिगेला पोचली. अशा काळात आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, या लहरी हजारो किलोमीटरवरून परतवतं. तेव्हा आम्ही चॅनल बदलतो आणि निरोप दोनदा सांगतो.