अंगावर पाजण्याची तयारी: बाळ यायच्या आधीच होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या बॅगेत दोन बाटल्या, त्या उकळायचं भांडं आणि ‘असू दे, वेळेला लागेल’ म्हणून घेतलेला पावडरीचा डबा होता. झाली तयारी, असं वाटलं. बाळाला छातीशी धरायचं कसं, हे ना कुणी दाखवलं, ना मी विचारलं. तिसऱ्या रात्री निपलला चिरा पडलेल्या, बाळ रडून लाल झालेलं, आणि अडीच वाजता डबा फोडला.

डबा हाताशी असला की फोडला जातोच. वरच्या दुधाने पोट भरलं की बाळ अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध कमी तयार होतं. या पावडरीची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. डॉक्टरांनी कारण सांगून वरचं दूध द्यायला लावलं तर जरूर द्या. पण आधीपासून आणून ठेवू नका.

दुसरी चूक घराघरात होते: ‘अजून दूधच उतरलं नाही.’ पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक येतो, तेच बाळाचं दूध. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी औषधाच्या लहान चमच्याइतकंच मावतं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. तोवर चीक पिळून टाकणं, मध चाटवणं, घुटी उगाळणं हे सगळं नको. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

हे बाळंतिणीने बाजेवरून सांगायचं नसतं, तिचं तेव्हा कोण ऐकतं? दुसऱ्या खेपेला मी सातव्या महिन्यातल्या तपासणीला सासूबाईंनाच बरोबर नेलं. “आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?” हे रिक्षात झालंच. डॉक्टर मात्र हसून म्हणाल्या, “आजी, मध पहिल्या वाढदिवसानंतर. तोवर ढेकर काढायचं काम तुमचं.” ते काम त्यांनी इतकं मनावर घेतलं, की माझ्या आईलाही बाळ मिळेना.

खरी तयारी म्हणजे बाळाला नीट लावायला शिकणं. उशी घेऊन आधीच सराव करा, हसू आलं तरी चालेल. बाळाचं पोट आपल्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक निपलसमोर. निपल वरच्या ओठाला लावून थांबायचं. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं, की बाळाला छातीकडे आणायचं. आपण बाळावर वाकायचं नाही. माझं पहिल्या वेळी इथेच चुकलं. मी वाकून निपल तोंडात कोंबत होते आणि बाळ नुसतं टोक चघळत होतं. तोंडात निपलभोवतीचा काळा भागही बराच जायला हवा. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले आणि मधूनमधून गिळल्याचा आवाज, म्हणजे जमलं. गाल आत जाऊन चुकचुक आवाज येत असेल किंवा दुखतच राहिलं, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा. सहन करत बसू नका.

निपल ‘घट्ट’ व्हावं म्हणून खरखरीत टॉवेलने चोळायचा सल्ला मलाही मिळाला होता. त्याने कातडी सोलते, बाकी काही नाही. साबणही नको. निपल आत गेलेलं असेल तर नवव्या महिन्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया, चालू औषधं हेही सांगून ठेवा. हॉस्पिटलला विचारा, पहिल्या तासात बाळ छातीशी देणार का, सिझेरियन झालं तरी? आणि रात्रपाळीला बाळ लावायला मदत कोण करतं?

डिंकाचे लाडू, हळिवाची खीर मजेत खा. पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं होतंय ना, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा लंगोट ओले होतात ना, ते पाहा. आमच्याकडे सासूबाई कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा ओढायच्या. सुरुवातीला वजन थोडं घटतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. छाती दगडासारखी झाली आणि बाळाच्या तोंडात धरेना, तर आधी हाताने थोडं दूध काढा, मऊ झालं की लावा. गाठ आली, ताप आला तरी पाजणं थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि बाळ पाजायलाही उठत नसेल, पिवळं दिसत असेल किंवा लंगोट कोरडे राहत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बारशाचे पाहुणे आलेले असले तरी.