सॉफ्टबॉल लागल्यावर बोटाचे टोक सरळ होईना : माझा अनुभव

पुण्यात रविवारच्या सॉफ्टबॉलमध्ये झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला. सूज उतरली, तरी शेवटचे पेर खाली लोंबत राहिले आणि दुसऱ्या हाताने सरळ होत असूनही आपोआप उचलले जाईना. बर्फ, मालिश, शेजारच्या बोटाला बांधणे, सारे निष्फळ ठरल्याने मी अगदी हताश झालो होतो.

अस्थिरोगतज्ज्ञांनी प्रथम एक्स-रे काढला. हाड शाबूत होते, पेर सरळ करणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) तुटली होती. मग मधला सांधा मोकळा ठेवून फक्त शेवटचे पेर ताठ राहील असा स्प्लिंट (कडक आधारपट्टी) ६ ते ८ आठवडे अहोरात्र लावण्यास सांगितले. कातडी पुसण्यासाठी तो काढताना बोट टेबलावर सपाट टेकवूनच ठेवावे, कारण पेर एकदा जरी वाकले तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यानंतर काही आठवडे केवळ रात्री स्प्लिंट लावला आणि पेर हलकेच वाकवण्याचा व्यायाम सुरू केला.