‘-एच’ म्हणजे हेल्पच असेल असं नाही

लिनक्स ॲडमिनच्या कामात नवीन आलेल्यांना लवकर लागणारी एक सवय म्हणजे ऑप्शन आठवला नाही की कमांडपुढे -एच (छोटा एच) मारायचं. बऱ्याच ठिकाणी ते चालतं, म्हणूनच घात होतो. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ -एच’मध्ये एच म्हणजे आकडे एमबी-जीबीत दाखव. फाइलींत शब्द शोधणाऱ्या ग्रेपमध्ये ‘ग्रेप -एच’ निकालातून फाइलींची नावं गाळतं. आणि ‘सुडो शटडाउन -एच’ (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालव)? सिस्टमडी (मशीनच्या सेवा सुरू-बंद करणारा मुख्य प्रोग्राम) असलेल्या मशीनवर वेळ दिली नसेल तर ते एक मिनिटानंतरचं शटडाउन लावून मोकळं होतं. तशी ओळ स्क्रीनवर दिसली की आधी ‘सुडो शटडाउन -सी’ने ते रद्द करा, बाकीचा विचार नंतर.

--हेल्प त्यामानाने बिनधोक, पण तो ग्नूचा (लिनक्सवरच्या बऱ्याच मूळ कमांड लिहिणाऱ्या प्रकल्पाचा) संकेत आहे, सगळ्यांवर बंधनकारक नाही. ‘आयपी लिंक --हेल्प’ दिलंत तर अशी कमांडच नाही असं ऐकून घ्यावं लागतं. तिथे डॅशशिवाय ‘आयपी लिंक हेल्प’ लागतं. शिवाय हा मजकूर स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेने येतो, आणि पाइप ती वाट पुढे नेत नाही. त्यामुळे पुढे पाइप करून ग्रेप लावला तरी सगळं न गाळता समोर येऊन पडतं. दोन्ही वाटा एक करायला पाइपच्या आधी ‘२>&१’ घाला.

मॅन (कमांडची सविस्तर माहितीपानं) उघडण्याआधी ‘टाइप’ चालवून बघा. ‘टाइप युलिमिट’ सांगतं की ही शेलचीच अंगभूत कमांड आहे. तिची मदत ‘हेल्प युलिमिट’मध्ये मिळते. ‘मॅन युलिमिट’ केलंत तर मशीनवर कोणती पानं आहेत त्यावर अवलंबून सी भाषेतल्या फंक्शनचं पानही उघडू शकतं. मॅन पानांच्या विभागाचा आकडाही विसरू नका: ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनटॅबचं बघा, ‘मॅन क्रॉनटॅब’मध्ये कमांडचे ऑप्शन, तर वेळेचे पाच रकाने कसे भरायचे ते ‘मॅन ५ क्रॉनटॅब’मध्ये.

मदत खरी असते पण अपुरी असते, याचा सगळ्यात महागडा नमुना म्हणजे यूजरची माहिती बदलणारी यूजरमॉड. मोठ्या (कॅपिटल) जीपुढे --हेल्पमध्ये इतकंच असतं: पूरक ग्रुपांची नवी यादी. ‘नवी’ या शब्दात सगळी मेख आहे. ‘यूजरमॉड -जी डॉकर’ पुढे यूजरचं नाव, असं चालवलं की त्या यादीत फक्त डॉकर उरतो आणि ॲडमिनचे अधिकार देणारा सुडो ग्रुप निघून जातो, एकही इशारा न देता. पुढच्या लॉगिनला सुडो नाही म्हणतो, तेव्हा कळतं. हवं होतं ‘-एजी’: छोटा ए, मोठा जी. (छोटा जी आणखी वेगळा, तो मुख्य ग्रुप बदलतो.) कमांडनंतर लगेच ‘आयडी’ पुढे यूजरचं नाव देऊन बघा. नावाशिवायचा ‘आयडी’ चालू सेशनचे जुनेच ग्रुप दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. जुनं रूट सेशन ही खातरजमा होईपर्यंत बंद करू नका.

नवा यूजर बनवणाऱ्या यूजरॲडची गंमत अशी की मदत सारखी, वागणूक वेगळी. -एम (छोटा एम) म्हणजे होम डिरेक्टरी तयार कर. ते न देता रेड हॅटच्या घराण्यात होम बनतं, डेबियन-उबुंटूवर बनत नाही, निर्णय ‘/ईटीसी/लॉगिन.डेफ्स’मधल्या ‘क्रिएट_होम’वर ठरतो. हे मॅन पानात आहे, --हेल्पमध्ये नाही. स्क्रिप्टमध्ये -एम स्वतःहून लिहा. ॲडयूजर तर डेबियनवर प्रश्न विचारणारी स्वतंत्र स्क्रिप्ट आहे, रेड हॅटवर मात्र यूजरॲडचंच दुसरं नाव.

कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या सिससीटीएलचं -पी म्हणजे फाइलीतून किमती वाच. कोणत्या फाइलीतून? नाव दिलं नाही तर फक्त ‘/ईटीसी/सिससीटीएल.कॉन्फ’मधून. बदल ‘सिससीटीएल.डी’ फोल्डरात ठेवला असेल तर -पी गुमान निघून जातं, एरर नाही, बदलही नाही. तिथे ‘--सिस्टम’ लागतं. मग ‘सिससीटीएल’ला किमतीचं नाव देऊन चालू आकडा वाचायचा. एसएसएचच्या सर्व्हरबाबत हीच खातरजमा ‘एसएसएचडी -टी’ने होते: छोटा टी फाइल तपासतो, मोठा टी प्रत्यक्षात लागू होणारी सेटिंग छापतो.

नेटवर सापडलेलं मॅन पान वाचताना आपल्या मशीनवरची ‘--व्हर्जन’ ताडून घ्या. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर तर नेहमीच्या बहुतेक कमांड बिझीबॉक्सच्या (अनेक कमांडच्या आटोपशीर आवृत्त्या एकत्र असलेल्या प्रोग्रामच्या) असतात, ऑप्शन मोजकेच. आणि उबुंटूच्या छोट्या इमेजमध्ये मॅन पानं काढून टाकलेली असतात; त्यासाठी ‘अनमिनिमाइझ’ चालवावं लागतं.