जांभा, चुना, काव: आर्किटेक्चरला येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

आर्किटेक्चरला जायचं म्हणणारी मुलं मला दोन प्रश्न हमखास विचारतात. चित्रकला कितपत चांगली लागते? आणि 'सस्टेनेबल', म्हणजे पर्यावरणपूरक बांधकामात, करिअर आहे का? दोन्हींवर मी हल्ली एकच काम सांगते: आपल्या गावातलं एक जुनं घर हाताने मोजून काढा.

प्रवेशाचं आधी उरकून घेऊ. बारावीला गणित लागतं, नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. बी.आर्च. पाच वर्षांचं, त्यातलं एक सत्र कुणाच्या तरी ऑफिसात उमेदवारीत जातं. पदवी मिळाली तरी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होईपर्यंत १९७२ च्या कायद्याप्रमाणे नावामागे 'आर्किटेक्ट' लावता येत नाही. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा माहितीपत्रक स्वतः वाचा, क्लासवाल्यावर सोडू नका.

तर घर मोजणं. टेप, ओळंबा, दोरी, पाटी, पेन्सिल आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक भावंड, एवढं पुरतं. मी आजोळचं घर मोजलं, सिंधुदुर्गातलं. लहानपणापासून पाहिलेलं घर कागदावर उतरवताना परकं वाटायला लागतं, कारण प्रत्येक मापाला 'असं का' विचारावं लागतं. भिंत एवढी जाड का? जोतं एवढं उंच का? छप्पर भिंतीच्या इतकं बाहेर का? कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुन्या भिंतीतला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) बऱ्याचदा नुसत्या मातीत बसवलेला असतो. पागोळ्या जोत्यापासून लांब पडल्या नाहीत तर माती धुऊन जाईल. म्हणून वळचण लांब. हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर मी वहीत लिहून विसरले असते.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. मग हवा लागली की कडक होतो. दगड त्याच डोंगरातला, माती त्याच परसातली, लाकूड त्याच आवारातल्या फणसाचं. सिमेंटच्या उत्पादनातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के होतं, हा आकडा तुम्हाला पहिल्याच वर्षी ऐकवतील. तो खरा आहे. पण आजोळच्या भिंतीचं साहित्य किती लांबून आलं हे पावलांनी मोजता येतं, हे कळल्यावरच मला त्या आकड्याचा अर्थ लागला.

चित्रकलेचंही तसंच झालं. मी काव पाहिली ती एका देवळाच्या डागडुजीच्या कामावर. कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांत ही कला आहे. भिंतीला चुन्याचा पांढरा गिलावा देतात, चुना बऱ्याचदा शिंपल्यांचा. त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर. तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, हत्ती, देव, भूमितीच्या नक्ष्या, सगळं दोन रंगांत. वरून रंगवलेलं काही नसतं, चित्र गिलाव्यातच असतं, त्यामुळे त्याची पापुद्र्यासारखी सालं निघत नाहीत. चुना सुकायच्या आत हात चालवावा लागतो, म्हणून रेघ ठाम येते. माझी रेघ सुधारली ती तिथे. प्रवेश परीक्षेच्या शेडिंगच्या सरावाने एवढं झालं नव्हतं.

आता 'ओळखी'बद्दल. डिझाइनच्या तासाला, म्हणजे स्टुडिओत, कधीतरी सर विचारतातच, की या डिझाइनमध्ये तू कुठे आहेस? मग अर्धा वर्ग दर्शनी भिंतीवर वारली चित्रं लावतो. वारली चित्रं मुळात लग्नघरात, सारवलेल्या-गेरूने माखलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने काढलेली. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात तीच भाषा कागदावर आणली आणि जगभर नेली. ते त्यांचं होतं. तुमच्या कॅफेच्या व्हिनाइल स्टिकरवर नाचणारी माणसं तुमची होत नाहीत. (काम तपासणाऱ्या ज्युरीला ती आवडतात, हेही खरं.)

आणि आपलं-आपलं म्हणतो त्यातलं पुष्कळसं बाहेरून आलेलं असतं. कोकणी घराचं चित्र काढा म्हटलं की सगळे लाल मंगलोरी कौलं काढतात. ती कौलं बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या जर्मन मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर पसरली. त्याआधी नळीची कौलं होती, गवत होतं. मला यात वाईट काही दिसत नाही. पाऊस पेललं, स्थानिक गवंड्याला जमलं, ते राहिलं.

जुनं ते सगळं पर्यावरणपूरक, असंही धरून चालू नका. चिरेखाणींनी कित्येक सडे (कातळाची पठारं) खरवडून ठेवलेत. आणि शेणाच्या जमिनीचं कौतुक मी एकदा मामीसमोर केलं. तिला फरशी हवी होती. ती म्हणाली, "तू सारव गो दर आठवड्याक, मगे माका सांग." टिकाऊपणाचा हिशेब मांडताना तो कुणाच्या कमरेवर टिकतो, हा रकाना मी तेव्हापासून घालते. अभ्यासक्रमात तो नसतो.

मोठ्यांची कामं बघायची तर अहमदाबादला जा. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी स्वतःच्या 'संगत' स्टुडिओचा काही भाग जमिनीत उतरवला आणि वरच्या कमानदार छपरावर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझॅक केलं. पांढरे तुकडे ऊन परतवतात. तेच त्या इमारतीचं रूपही झालं. त्याच शहरात त्यांची आणि पंढरपूरचे चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांची गुंफा नावाचं कलादालन आहे, जिथे वाकड्यातिकड्या भिंतींवर चित्रकाराने थेट रंगवलंय. सपाट भिंत नसली की चित्रकार काय करतो, ते तिथे उभं राहून बघा.

कामाचं. 'ग्रीन बिल्डिंग' म्हणून ज्या नोकऱ्या दिसतात त्या बहुतेक 'गृह' (GRIHA) किंवा आयजीबीसी या, इमारत किती पर्यावरणपूरक ते ठरवणाऱ्या मानांकनांच्या असतात: आकडेमोड, ऊर्जेची सॉफ्टवेअरं, कागदपत्रं. पगार बरा. माती-चुन्याचं काम वेगळं. ते शिकायला भुजची हुन्नरशाला, ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट, तिरुवनंतपुरमचं लॉरी बेकर केंद्र अशा जागा आहेत. सुरुवातीला पैसे कमी मिळतात, आणि घरून आधार नसेल तर हा रस्ता जड जातो, हे कुणी उघड बोलत नाही. थोडी वर्षं मानांकनाचं काम करून मग चुन्याकडे वळलेले माझ्या ओळखीत आहेत. त्यात कमीपणा नाही.

पोर्टफोलिओत रेंडर (कॉम्प्युटरवर केलेली चकचकीत चित्रं) कमी ठेवा. मोजणीची मूळ पानं, पुसलेल्या रेघांसकट, घाला. चुन्याचे नमुने केले असतील तर त्यांचं प्रमाण आणि किती दिवसांनी भेगा पडल्या ते लिहा. आणि ज्या गवंड्याने शिकवलं त्याचं नाव, त्याला विचारून, त्याच पानावर टाका. शिकवण्यात त्याचा दिवस मोडला असेल तर त्या दिवसाची मजुरी द्या.