पस्तिशीच्या आत-बाहेर नर्सिंगला जायचे ठरवताना या चुका टाळा

मुले शाळेत जाऊ लागली, घरातले आजारपण निभावून झाले, पतसंस्थेतील किंवा खाजगी शाळेतील नोकरीचा पगार वर्षानुवर्षे तेवढाच राहिला, की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक जणींच्या मनात नर्सिंगचा विचार येतो. कारखान्यातील काम सुटलेले काही पुरुषही हल्ली ही चौकशी करतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘या वयात मला झेपेल का?’ माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. नियमांनुसार कोणत्या अभ्यासक्रमाचे दार अजून उघडे आहे आणि ते किती महिने उघडे राहणार आहे, हे आधी पाहावे लागते. मी स्वतः तेहतिसाव्या वर्षी जीएनएमला, म्हणजे ‘जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी’ या परिचारिकेच्या पदविकेला, प्रवेश घेतला, त्याआधी हा क्रम उलटा धरल्यामुळे एक वर्ष गमावले, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

वयाची अट शेवटी वाचणे

भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिल) नियमांनुसार एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे साहाय्यक परिचारिका) आणि जीएनएम या दोन्ही अभ्यासक्रमांसाठी प्रवेशाचे किमान वय १७ आणि कमाल वय ३५ वर्षे आहे. एएनएम दोन वर्षांचा असून तो फक्त महिलांसाठी आहे. जीएनएम तीन वर्षांचा असून तो स्त्री-पुरुष दोघांनाही करता येतो आणि त्याला बारावीत किमान ४० टक्के गुण व इंग्रजी विषय लागतो. बारावी कला शाखेतून झालेली असली तरी जीएनएमला अडत नाही, ही गोष्ट आजही अनेकींना ठाऊक नसते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आणि खुल्या प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात.

ज्यांचे वय आज ३४ आहे त्यांच्याकडे विचार करायला दोन-तीन वर्षे नाहीत, जेमतेम एक प्रवेशफेरी आहे. अशा वेळी बी.एस्सी.च्या हट्टापायी पुन्हा विज्ञान शाखेची बारावी द्यायला बसणे ही मोठी चूक ठरते. त्यापेक्षा जीएनएम पूर्ण करून, परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी झाल्यावर, दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते आणि पदवी त्या वाटेनेही मिळते. वय २६-२७ असेल, तर मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञानाचे विषय घेऊन बारावी देण्याचा विचार जरूर करावा.

सरकारी भरतीला स्वतंत्र वयोमर्यादा असते, हेही याच टप्प्यावर लक्षात घ्यावे. चौतिसाव्या वर्षी प्रवेश घेणारी व्यक्ती लवकरात लवकर सदतिसाव्या वर्षी बाहेर पडते. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल, तर आपल्या प्रवर्गाला त्या वयात अर्ज करता येतो का, हे अलीकडच्या एखाद्या भरतीच्या जाहिरातीत आधी पाहावे.

‘नर्सिंगचा कोर्स’ या शब्दांवर विश्वास ठेवणे

हीच माझी चूक. एकतिसाव्या वर्षी मी एका खाजगी वर्गात नाव घातले. दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर हाडांचा तक्ता, एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र, आणि एका वर्षात ‘डिप्लोमा’ मिळेल असे आश्वासन. शुल्कासाठी गंठण गहाण टाकले. वर्ष संपल्यावर हाती आलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, हे मला एका रुग्णालयाच्या मुलाखतीत कळले. तिथल्या मेट्रननी माझे प्रमाणपत्र शांतपणे घडी घालून परत दिले आणि विचारले, ‘बाई, नोंदणी क्रमांक कुठे आहे?’ त्यानंतरचे कित्येक दिवस मी घरी कोणाशी नीट बोलू शकले नव्हते.

नोंदणी क्रमांकाशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पुढील चौकशी स्वतः करावी, मध्यस्थावर सोपवू नये. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का आणि किती जागांसाठी आहे? परीक्षा कोण घेते? कर्नाटकात जीएनएमची परीक्षा राज्याचे परिचर्या पदविका परीक्षा मंडळ घेते, तर बी.एस्सी.ची राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा संबंधित अभिमत विद्यापीठ घेते. विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात जातात आणि तिथे किती खाटा खरोखर भरलेल्या असतात? या शेवटच्या प्रश्नाला जी संस्था गोलमोल उत्तर देते, तिथे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘महिन्यातून चार दिवस या, बाकी हजेरीचे आम्ही बघतो’ असे सांगणाऱ्या संस्थेच्या पायरीवरूनच परत फिरावे. रुग्णाच्या शिरेत सुई घालण्याचे काम घरबसल्या शिकता येत नाही.

सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे नियम एकच समजणे

चंदगड, गडहिंग्लजकडच्या मुली लग्न होऊन बेळगावात येतात आणि इकडच्या मुली कोल्हापूर भागात जातात. घरे एक, भाषा एक, परंतु प्रवेशाचे नियम दोन राज्यांचे. कर्नाटकातील सरकारी कोट्याच्या जागेसाठी सर्वसाधारणपणे सात वर्षांचे शिक्षण कर्नाटकात झालेले असावे लागते. त्यामुळे माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात, शाळा झालेल्या सुनेला इथे वीस वर्षे राहूनही ती जागा मिळेलच असे नाही, आणि मग खाजगी जागेचे शुल्क धरून हिशेब करावा लागतो. उलट, महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याने काही अभ्यासक्रमांत वेगळी तरतूद ठेवली आहे. आपले गाव त्या यादीत आहे का आणि आपल्या अभ्यासक्रमाला ती तरतूद लागू आहे का, हे अर्जापूर्वी पाहावे.

नोंदणीचेही तसेच. कर्नाटकात नोंदणी झालेल्या परिचारिकेला कोल्हापूर किंवा मिरजेच्या रुग्णालयात काम करायचे असेल, तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. त्यासाठी वेळ जातो, म्हणून नोकरी ठरण्याआधीच अर्ज करणे शहाणपणाचे.

नावाची अडचण तर घरोघरी आहे. दहावीच्या मार्क्स कार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव, रेशन कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत आलेले तिसरेच स्पेलिंग. प्रवेशाच्या खिडकीवर हे उघडकीस आले की धावपळ होते. विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला ही कागदपत्रे निकालाच्या हंगामाआधी तयार ठेवावीत. मूळ कागदपत्रे संस्थेला देताना सही-शिक्क्याची पोच घ्यावी.

कन्नडचा विचार न करणे

पाठ्यपुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात, ही भीती सर्वांनाच वाटते आणि ती खरी आहे. परंतु आपल्या भागात वॉर्डातील भाषा कन्नड आहे, याचा विचार फार थोड्या जणी करतात. मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला पुस्तकी कन्नड येत होते, वेदनेला ‘नोवु’ म्हणतात हेही ठाऊक होते. पहिल्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातील प्रशिक्षणाच्या पाळीत, शस्त्रक्रिया झालेल्या बैलहोंगलकडच्या एका आजी माझा हात धरून ‘होट्टी ब्यानी, होट्टी ब्यानी’ म्हणत राहिल्या. ‘होट्टी’ म्हणजे पोट आणि ‘ब्यानी’ म्हणजे दुखणे, हे शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या मुलाने मला सांगितले. तोवर दहा मिनिटे गेली होती. त्या रात्री मी वहीत तीन रकाने आखले: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि आजींच्या तोंडचा शब्द. तीन वर्षांत ती वही भरली आणि आजही ती माझ्याजवळ आहे.

कर्नाटकातील सरकारी नोकरीसाठी कन्नडची अट असते, हा व्यवहाराचा भाग झालाच. परंतु समोरच्या माणसाला कुठे दुखते ते कळण्यासाठी त्याच्या बोलीतले कन्नड यावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रवेश घेण्याआधीचे सहा महिने यासाठी वापरावेत.

सेवाभावावर निर्णय घेणे आणि रात्र न पाहणे

‘मी सासूबाईंचे सगळे केले, मला सेवा जमते,’ असे अनेक जणी म्हणतात. घरच्या एका माणसाची सेवा आणि वॉर्डातील पंचवीस-तीस अनोळखी माणसांची जबाबदारी यांत फार अंतर आहे. पहाटे तीन वाजता डोळे जड झालेले असताना ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायची असते. सलाईनच्या नळीच्या संचातून २० थेंबांना १ मिलिलिटर पडत असेल, तर १०,००० थेंब ४८० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. घड्याळाचा काटा एका डोळ्याने आणि थेंब दुसऱ्या डोळ्याने पाहत ती गती लावायची, आणि त्याच वेळी पलीकडून कोणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारत असते. हे गणित कागदावर पुन्हा पुन्हा करून पाहावे. शाळेनंतर वीस वर्षांनी गुणाकार-भागाकार गंजलेले असतात, पण सरावाने ते परत येतात.

म्हणून निर्णयाआधी काही आठवडे एखाद्या लहान रुग्णालयात किंवा प्रसूतिगृहात मदतनीस म्हणून काम करावे, आणि त्यात रात्रपाळी मुद्दाम मागून घ्यावी. मी तीन आठवडे केले. रक्त, उलटी, मृत्यू यांची सवय होते का, यापेक्षाही आठ तास उभे राहिल्यानंतर कंबर आणि पाय काय सांगतात, हे तिथे कळते. ज्यांना मणक्याचा जुना त्रास आहे त्यांनी तो लपवून पुढे जाऊ नये, कारण रुग्णाला कुशीवर वळवणे हे रोजचे काम आहे. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती लगेच सुरू करावी. तिचे तीन डोस पहिला दिवस, एक महिना आणि सहा महिने असे असतात, त्यामुळे अभ्यासक्रम सुरू झाल्यावर आठवण होणे म्हणजे उशीर होणे.

घराचा आणि पैशाचा अर्धवट हिशेब

पहिल्या वर्षाचे शुल्क भरता आले म्हणजे झाले, असे नसते. गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, पोस्टिंगसाठीचा प्रवास, आणि सर्वांत मोठा आकडा म्हणजे तीन वर्षे बंद होणारी स्वतःची कमाई, हे सर्व एका कागदावर मांडावे. त्याच कागदावर समोर पहिल्या नोकरीचा पगार लिहावा, आणि तो जाहिरातीतून घेऊ नये. आपल्याच भागातील खाजगी रुग्णालयांत नुकत्याच लागलेल्या तीन-चार जणींना हातात किती पडतात, ते विचारून घ्यावे. हा आकडा बहुधा अपेक्षेपेक्षा कमी असतो आणि तो आधी कळलेला बरा.

घरातील बोलणीही अशीच नेमकी व्हावीत. ‘आम्ही आहोत ना’ हे प्रेमाचे वाक्य आहे, पण त्यातून दुपारी शाळेतून येणाऱ्या मुलाला कोण जेवू घालणार हे ठरत नाही. हजेरीची अट कडक असते: सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक यांत किमान ८० टक्के, आणि वॉर्डातील प्रशिक्षणाची उपस्थिती अखेरीस पूर्ण १०० टक्के भरावी लागते. गणपती, लग्नसराई, गावची जत्रा यांतील सुट्ट्या नंतर भरून काढाव्या लागतात. माझ्या वर्गातील एक हुशार सोबतीण परीक्षेत नापास झालीच नाही, पण हजेरी अपुरी राहिल्याने सहा महिने मागे पडली.

वय निघून गेले असताना आडवाट शोधणे

३५ ओलांडलेल्यांना ‘वयाचे आम्ही जमवतो’ म्हणणारे मध्यस्थ भेटतात. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश नोंदणीच्या वेळी फसतो आणि गुन्हाही होतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. रुग्णसेवेचीच ओढ असेल तर जनरल ड्युटी असिस्टंटचे, म्हणजे रुग्णांच्या मदतनिसाचे, सरकारमान्य कौशल्य प्रशिक्षण घेता येते. त्याने परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, परंतु रुग्णालयात किंवा घरी वृद्धांची काळजी घेण्याचे काम मिळते. गावात राहणाऱ्या विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता महिलांसाठी आशा कार्यकर्ती हा मार्ग आहे. तिच्यासाठी २५ ते ४५ हा वयोगट धरला जातो आणि मोबदला पगाराऐवजी मानधन व प्रोत्साहन भत्त्याच्या रूपात मिळतो. ही निवड त्याच गावातील रहिवासी महिलेतून होते, त्यामुळे जागा रिकामी आहे का, याची चौकशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामपंचायतीत करावी.