कुजलेला प्लाय काढून खुर्चीची बैठक नव्याने बांधताना

पडवीतल्या गादीच्या खुर्चीचे रेक्झिन फाटले, की कुशनवाल्याकडून नवे चढवून घेतले जाते आणि काम संपले असे मानले जाते. कोकणात मात्र रेक्झिन फाटेपर्यंत आडव्या झडीचे पाणी शिवणींतून फोममध्ये मुरून खालच्या प्लायपर्यंत बहुधा पोहोचलेले असते. म्हणून नवे कापड विकत घेण्यापूर्वी खुर्ची उलटी करावी, तळाचे कापड सोडवावे आणि पेचकसाचे टोक प्लायच्या कडांवर, स्क्रूंच्या भोवती व मध्यभागी दाबून पाहावे. चांगल्या प्लायमध्ये टोक रुतत नाही. कुजलेल्यात ते सहज शिरते आणि बाहेर काढताना भुसा व पापुद्रे सोबत येतात. नुसता काळपट डाग असून फळी टणक असेल, तर ती वाळवून पुन्हा वापरता येते. कडेची दोन बोटे रुंदीची पट्टी जरी मऊ झाली असली, तरी मी अख्खी फळी बदलतो, कारण रेक्झिन ताणून धरणाऱ्या स्टेपलच्या पिना नेमक्या त्याच कडेला बसतात आणि ठिगळ लावलेल्या जागी त्या धरत नाहीत.

बैठक बहुधा चौकटीच्या खालून स्क्रूंनी बसवलेली असते. खाऱ्या हवेने गंजलेला स्क्रू जबरदस्तीने फिरवल्यास त्याची खाच झिजते. त्यापेक्षा गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे आणि तरीही तो न सुटल्यास लोखंडाला भोक पाडणाऱ्या ड्रिलने त्याचे डोके उडवून उरलेला दांडा पकडीने काढावा. पिना उचकटताना हातमोजे घालावेत. जुने रेक्झिन कोपऱ्यांवर कसे दुमडले आहे याचा फोटो काढून ठेवावा आणि ते फेकू नये, कारण नवे बेतताना तेच मापाला उपयोगी पडते. प्लायवर वाळवीची माती दिसली, तर चौकट आणि पायही ठोकून पाहावेत. ते पोकळ वाजत असतील, तर आधी सुताराला बोलवावे.

जुनी फळी भुगा होण्यापूर्वीच पुठ्ठ्यावर ठेवून तिची बाह्यरेषा व स्क्रूंच्या जागा आखून घ्याव्यात. कडा झडून गेली असेल, तर माप फळीवरून न घेता चौकटीवरून घ्यावे. बैठक चौकटीच्या आत बसणारी असेल, तर दुमडलेल्या रेक्झिनसाठी प्रत्येक बाजूला २ ते ३ मिलिमीटर जागा सोडावी; ती न सोडता ठोकून बसवलेली बैठक चौकटीचे सांधे उकलते.

प्लाय निवडताना दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर न जाता फळीवरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) असे दोन प्रकार आहेत. ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा एमआर दमटपणापुरता ठीक असतो, तर बीडब्ल्यूआरचा चिकटा उकळत्या पाण्यात काही तास तग धरतो. मरिन प्लाय आयएस ७१० खाली येतो आणि त्याच्या चिकट्याची चाचणी ७२ तास उकळून घेतली जाते. पडवीतल्या खुर्चीला बीडब्ल्यूआर पुरतो. समुद्राकडे उघड्या असलेल्या ओटीसाठी मी मरिन घेईन. मात्र या चाचण्या प्रामुख्याने चिकट्याच्या आहेत. सतत ओले राहिलेले लाकूड मरिन प्लायमध्येही कुजू शकते. खुर्चीसाठी १२ मिलिमीटर जाडी योग्य असते, लांब बाकासाठी १८. बाकाला केवळ दोन टोकांना आधार असेल, तर वरच्या पापुद्र्याच्या रेषा एका आधाराकडून दुसऱ्याकडे जातील अशा बेताने फळी कापावी. एवढ्या कामासाठी आख्खा ८ बाय ४ फुटांचा ताव घेण्याची गरज नाही. सुताराकडे तुकडे मिळतात.

फळी कापल्यावर घाई करू नये. पाणी शोषले जाते ते मुख्यतः कापलेल्या कडांतून, जिथे लाकडाची उघडी तोंडे असतात. कडा पॉलिश पेपरने घासून गोलसर कराव्यात, स्क्रूंची भोके आणि हवा खेळण्यासाठी १० ते १२ मिलिमीटरची पाच-सहा भोके आधीच पाडावीत आणि मगच दोन्ही पृष्ठभागांना, कडांना व प्रत्येक भोकाच्या आतून पॉलीयुरेथेन किंवा ऑइल प्रायमरचे दोन हात द्यावेत. कडांना तिसराही द्यावा. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल घरात असले, तरी ते येथे वापरू नये. त्याने कातडीवर फोड येतात.

हे काम गणपतीपूर्वी उरकण्याचा आपल्याकडे आग्रह असतो, परंतु श्रावणातल्या हवेत फळी वाळत नाही, आणि ओलसर फळीवर रंग दिल्यास ओल आतच कोंडली जाते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. पाहुण्यांसाठी खुर्ची हवीच असेल, तर फळी दोन-तीन दिवस पंख्याखाली उभी ठेवून मगच रंगवावी.

जुन्या फोमला कुबट वास येत असेल, तर तो टाकून द्यावा. ४० डेन्सिटीचा २ इंची फोम रोजच्या बसण्याला टिकतो. फोम आणि फळी यांच्यामध्ये प्लास्टिक घालण्याची सूचना काही कारागीर करतात. मला ती पटत नाही, कारण शिवणीतून उतरलेले पाणी मग त्या प्लास्टिकवरच साचून फोममध्ये राहते. पिना व स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पिनांचे पाय ८ किंवा १० मिलिमीटरचे असावेत, म्हणजे ते १२ मिलिमीटरच्या फळीतून आरपार जात नाहीत. प्रथम पुढच्या व मागच्या बाजूच्या मध्यावर, नंतर डाव्या-उजव्या मध्यावर एकेक पिन मारावी आणि तेथून कोपऱ्यांकडे सरकावे. कोपरे शेवटी दुमडावेत.

तळाला रेक्झिन न लावता विरळ विणीचे कापड लावावे, नाहीतर पाडलेली हवेची भोके पुन्हा बंद होतात. मिरगाचा पाऊस सुरू झाल्यावर खुर्ची पागोळ्यांपासून दूर भिंतीकडे सरकवावी, आणि पंधरा-वीस दिवसांनी एकदा उलटी करून त्या कापडाला हात लावून पाहावा. ते ओले लागले, तर पाणी कोणत्या शिवणीतून येते ते शोधून तिला आतून रबरी चिकट्याची पट्टी मारावी.